रेवंताचा विळा

कार्तिकात तिरोड्याच्या एसटीत खिडकीशी बसलं की एक वास आत येतो. कापलेल्या धानाचा. ओलसर, गोडसर, थोडा गवताचा आणि थोडा चिखलाचा. भाताच्या वाफ्याला इकडे बांधी म्हणतात. त्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा आडव्या पसरलेल्या असतात, ऊन वर येऊ लागलं की त्यांच्यावरचं दव उडतं आणि वास उठतो. शेजारचे प्रवासी शिंकतात, कुणी काच ओढून घेतं. मी मात्र माझी काच आणखी थोडी सरकवते. एका वर्षी याच दिवसांत मी याच रस्त्यानं जीव मुठीत धरून गेले होते, आणि परत येताना गाडीत चक्क घोरत होते, असं कंडक्टर म्हणाला. तेव्हापासून या वासानं माझा श्वास मोकळा होतो. यंदाही झाला.

मी मूळची नगरकडची, बाजरीच्या मुलखातली. लग्न होऊन गोंदियाला आले तेव्हा इथली बोली ऐकून मला वाटायचं, ही माणसं सारखी भांडतात की काय. मग कळलं, ती प्रेमानं चौकशी करत होती. नवरा एका लहानशा दवाखान्यात औषधं देतो. आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी एवढीशी, की रविवारी कोण आलं नाही हे मान न वळवता कळतं. त्या मंडळीतल्या आम्ही तिघी बायका दर मंगळवारी दुपारी बाजारामागच्या एका गल्लीत जायचो. तिथं धंदा करणाऱ्या बायका राहतात. दुपारी त्यांना उसंत असते. कुणी केस विंचरत बसलेली, कुणी तांदूळ निवडत, कुणी नुसतीच भिंतीला टेकून. आम्ही आजारी बाईला दवाखान्यात न्यायचो, कुणाचं आधार कार्ड, कुणाच्या मुलीचा शाळेचा दाखला बघायचो, आणि प्रार्थना करायचो. प्रार्थना शेवटी ठेवायची, हे मला गल्लीनंच शिकवलं. सुरुवातीला मी आधी प्रार्थना घ्यायचे, तर बायका डोळे मिटायच्या आणि तशाच झोपी जायच्या.

आणि मेणबत्त्या! 'या बायकांच्या हाताला काम हवं' असं आमच्या कमिटीत ठरलं, आणि काम म्हणजे मेणबत्त्या, हेही तिथंच ठरलं. उंटावरून शेळ्या हाकायला आमच्या कमिटीइतकं हुशार कुणी नाही, आणि त्या कमिटीत मीही होते. मी साचे आणले, मेण आणलं, वाती आणल्या. गोंदियाच्या मे महिन्यात त्या मेणबत्त्या खोक्यातल्या खोक्यात वाकल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गल्लीतली सगळ्यात वडीलधारी बाई म्हणजे कमलामावशी. तिनं एक वाकलेली मेणबत्ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "बाई, हिले तं आमच्यापरीस जास्त आराम पाह्यजे." सगळी गल्ली हसली. तेव्हापासून मी 'मेनबत्तीवाली बाई'. त्या नावाचा मला फार राग यायचा. देवाचं काम करायला आले आणि नाव काय पडलं, तर हे.

रेवंता त्या हसणाऱ्यांत नव्हती. ती कधी हसायचीही नाही आणि प्रार्थनेत झोपायचीही नाही. तिशीची, हाडापेरानं मजबूत, बोलायला तुटक. पावसाळ्याच्या तोंडाशी तिला ताप आला आणि हटेना, म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. परत येताना आमचा ऑटो चर्चपाशी आला तशी ती म्हणाली, "थांबव." उतरली आणि आवारात जाऊन उभी राहिली.

"काय झालं, रेवंता?"

"मी तिकडं जात नाई आता."

"आत्ता? आजच?"

"मंग कवा?"

या क्षणासाठी मी कितीक वर्षं प्रार्थना केली होती. तो आला तेव्हा माझ्याकडे एक जादा गादीसुद्धा नव्हती. चर्चच्या मागे दोन खोल्या होत्या, एकीत जुने बाक आणि एकीत नाताळचं सामान. नाताळचं सामान बाकांवर चढवलं आणि रेवंताची सोय झाली. गल्लीतून कुणी भांडायला येईल म्हणून मी आठवडाभर धास्तावले होते. आली ती एकटी कमलामावशी, रिक्षातून. रेवंताची पेटी, एक आरसा आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात देत म्हणाली, "हा तिचा इळा. हाबी ठेवा."

फडकं सोडलं तर आत विळा. दातेरी पात्याचा, मूठ झिजून गुळगुळीत झालेला. असल्या जागी बाई उशाशी विळा ठेवते म्हणजे काय काय सोसलं असेल, याचा मी लगेच अंदाज बांधला. आणि अशा मनःस्थितीतल्या बाईच्या हाती तो परत द्यायचा? छे! मी तो मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. ठेवताना मात्र पात्यावर गंजाचा लाल ठिपका दिसला, म्हणून विटेच्या तुकड्यानं घासला, खोबरेल लावलं आणि कोरड्या फडक्यात गुंडाळला. माझे वडील म्हणायचे, लोखंड कोरडं टाकणं म्हणजे गाय उपाशी बांधणं. पावसाळाभर मी अधूनमधून कपाट उघडून तेलाचा हात फिरवत राहिले. त्यात माझा काही विचार नव्हता, हाताची सवय होती नुसती.

रेवंतानं पावसाळा माझ्याबरोबर मेणबत्त्या करण्यात घालवला. वाईट करायची. वाती वाकड्या, बुडं तिरकी. शिवणयंत्रावर बसवलं तर सुया मोडायच्या. "तुझं लक्ष नाही," मी म्हणायचे. ती हाताकडे पाहत बसायची. दसरा झाला, दिवाळी झाली, आणि एक दिवस ती दारात येऊन म्हणाली, "बाई, माहा इळा द्या."

"कशाला?"

"पाह्यजे."

"आता नको. नंतर बघू."

ती माघारी गेली. मी मनात म्हटलं, देवा, कुलूप लावण्याची बुद्धी दिलीस, उपकार तुझे.

याच सुमाराला आमच्या मंडळीत कापणीची उपकारस्तुती असते. त्या रविवारी लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक घेऊन येतात. धानाच्या पेंढ्या, भोपळे, तलावातले हिरवे शिंगाडे, उसाची दोन कांडी. सगळं वेदीपुढं मांडतात आणि देवाचे आभार मानतात. त्या वर्षी पाहुणे येणार होते, म्हणून मंडळीचा कारभार बघणारे मधुकरदादा म्हणाले, "या वर्षी आपलं खरं पीक म्हणजे रेवंता. तिनं साक्ष द्यावी." साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून सांगायचं, मी आधी कशी होते, देवानं मला कुठून काढलं, आता मी कशी आहे. आमच्यात ही फार जुनी रीत आहे आणि मी स्वतः ती चारदा दिली आहे. पण माझ्या साक्षीत होतं काय, तर मला राग फार यायचा आणि तो आता कमी झालाय. ऐकणारे मान हलवायचे आणि चहाला जायचे. रेवंताची साक्ष ऐकून लोक चहाला जाऊन काय बोलतील, हे मला त्यावेळी सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाच हौस होती. इतक्या वर्षांच्या मंगळवारांचं काहीतरी दाखवता येणार होतं.

मीच तिला साक्ष लिहून दिली. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरावर बोट ठेवून वाचायची. पहिल्याच ओळीशी बोट थांबलं.

"हे काय लिवलं? 'पापाच्या चिखलात मी रुतले होते'?"

"हो. म्हणजे ते आयुष्य."

"चिखल काऊन लिवलं?"

"मग काय लिहू?"

"चिखलात तं धान होते, बाई."

मला वाटलं, ही शब्दांचा कीस पाडते आहे. बाजरीच्या मुलखातल्या बाईला चिखल म्हणजे घाण. गुडघाभर चिखलात उभं राहून जिनं लहानपणापासून रोवणी केली, तिला तो शब्द कसा लागेल, हे मला कुठून कळणार? मी म्हटलं, "लिहिण्याची पद्धत असते तशी." तिनं मान हलवली आणि पुढची ओळ वाचू लागली. संपल्यावर एवढंच विचारलं, "जे तिकडं केलं तेच सांगाचं? त्याच्या आधी मी कोन होती, ते नाई सांगाचं?" मी म्हटलं, वेळ पाच मिनिटांचाच आहे.

त्या रविवारी सकाळी साडेसहाला मी तिला उठवायला गेले तर खोली रिकामी. गादी नीट गुंडाळलेली, तिच्यावर साक्षीचा कागद चार घड्या घालून ठेवलेला. मागच्या खोलीत गेले. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं, पण कडीचे स्क्रू काढून खाली ओळीनं मांडून ठेवलेले. आत विळा नव्हता.

तिनं स्वतःचं काही करून घेतलं असेल, किंवा कुणाचा तरी जुना हिशेब चुकता करायला निघाली असेल. आणि या सगळ्याला कारण मी, माझी हौस आणि तो कागद. नवरा म्हणाला, आधी गल्लीत बघ. मी ज्या वेळी कधीच गेले नव्हते त्या वेळी गल्लीत गेले. दारं बंद होती. कमलामावशी ओट्यावर बसून मंजन घासत होती.

"मावशी, रेवंता आली का?"

"इथं कायले येईल? तुमीच तं नेली."

"विळा घेऊन गेली हो ती!"

मावशीनं चूळ भरली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. "इळा घेऊन मानूस कोठी जाते, बाई, कार्तिकात? धान कापाले गेली असंल. बोदलकशाच्या तलावाकडं गाव हाये तिचं. माय हाये तिथं."

"तिला आई आहे? मला कधी बोलली नाही."

"तुमी कवा पुसलं?"

मी तिथंच ओट्यावर बसले. मी रेवंताला खूप काही विचारलं होतं. कोणी आणलं, कोणी मारलं, काय आजार झाले. त्या अकरा वर्षांचं सगळं मला पाठ होतं. पण त्याआधीची एकोणीस वर्षं ती कुठं होती, कुणाची लेक होती, कशात हुशार होती, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मेणबत्तीवाली बाई! त्या क्षणी ते नाव मला अगदी बरोबर वाटलं. मावशीनं गावाचं नाव सांगितलं. मी स्टँडवरूनच मधुकरदादांना फोन केला. "अहो, मग साक्ष कोण देणार?" ते ओरडले. मी म्हटलं, "आज कुणी नाही. आज नुसते आभार माना." आणि गाडीत चढले.

त्या प्रवासात मला धानाचा वास आल्याचं आठवत नाही. गाव सापडलं, पण दारोदार कुलपं. एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं तर ते माझ्यावरच डाफरले, "अवं, धानकापणीत घरी कोन भेटते?" शहरात राहून हेही मी विसरले होते. बाजरीच्या काढणीत आमच्या घरी तरी कोण सापडायचं! त्यांनी काठीनं वाट दाखवली. कालवा ओलांडून, बांध्यांमधल्या अरुंद बांधांवरून, इकडे त्यांना धुरे म्हणतात, तोल सावरत, सॅंडल हातात घेऊन मी निघाले.

एका बांधीत सात-आठ बायका ओळीनं वाकून कापत होत्या. सगळ्यांची डोकी फडक्यांनी बांधलेली, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. जिची कहाणी मी लिहून काढली होती, ती मला पाठमोरी ओळखता येईना. विळ्यांचा खर्र खर्र असा एकसारखा आवाज येत होता. मग ओळीतली चौथी बाई सरळ झाली, मनगटानं घाम पुसला, मूठभर धान शेजारच्या कडपेवर टाकलं. रेवंता! माझा जीव भांड्यात पडला. मी धुऱ्यावर मटकन बसले आणि रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखी रडले, त्याची मला आज लाज वाटत नाही.

त्या आवाजानं ती वळली. मला वाटलं, ती हसेल, हात करेल. तिचा चेहरा पांढरा पडला.

तेव्हा मला कळलं की त्या बांधीत तिच्यासाठी सगळ्यात मोठी भीती मीच होते. विळा नाही, गल्ली नाही, मी. माझ्या एका वाक्यावर तिची सगळी सकाळ टांगलेली होती. बायका कापायच्या थांबल्या होत्या. तिच्या शेजारची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तसाच रुंद जबडा, तीच तुटक नजर.

"ह्या कोन वं?" म्हातारीनं लेकीला विचारलं.

मी आयुष्यभर ओळख करून देताना गल्लीतल्या सेवेचंच नाव आधी सांगितलं. रेल्वेत सांगितलं, लग्नात सांगितलं, अभिमानानं सांगितलं. पर्समध्ये तो चार घड्यांचा कागद होता. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "मी मेणबत्त्या बनवते, आजी. गोंदियाला. रेवंता माझ्याकडं कामाला होती."

"मेनबत्त्या?" ओळीतली एक बाई म्हणाली. "येवढी वर्सं मेनबत्त्याच करून राह्यली का वं रेवंता?"

"वाकड्या करायची," मी म्हटलं. "सगळ्या वाकड्या."

बायका खो खो हसल्या. रेवंताही हसली, मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हातारी ओरडली, "हात चालवा, हात! दुपार होऊन राह्यली," आणि पुन्हा खर्र खर्र सुरू झालं.

दुपारी मोहाच्या सावलीत शिदोऱ्या सुटल्या तेव्हा रेवंता माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात बोलली. अकरा वर्षांपूर्वी ती घरातून गेली नव्हती, याच बांधीतून गेली होती. कामाचं आमिष दाखवणारा माणूस धुऱ्यावर उभा होता, ती अर्धी पात सोडून त्याच्यामागे गेली, विळा कमरेलाच राहिला. पात म्हणजे कापताना एकेकीच्या वाट्याला येणारी पट्टी. पुढं सगळं गेलं, विळा तेवढा राहिला. आज पहिल्या गाडीनं आली ती सरळ इथंच, घराकडे पाय वळेना. बायका नुकत्याच ओळीला लागत होत्या. ती धुऱ्यावर उभी राहिली. आईनं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मग काय म्हणाली?"

"म्हने, उभी काऊन राह्यली? पात धर."

एवढंच. मी कमिटीच्या किती बैठकांना बसले, किती पत्रकं वाचली, पुनर्वसन या शब्दावर तासतासभर बोलले. त्या सगळ्यात हे दोन शब्द कुठं नव्हते. मी ते ऐकले आणि मला फार, फार हलकं वाटलं.

सगळ्यांना अशी आई नसते, हेही सांगायला हवं. त्यानंतर आम्ही आणखी दोघींना त्यांच्या गावी नेलं. एकीला दारातूनच परत यावं लागलं. ती आता मागच्या खोलीत राहते आणि शिवणयंत्र तिला चांगलं जमतं. गल्ली आहे तिथंच आहे, मंगळवारही आहेत. मेणबत्त्या मात्र बंद केल्या. आता आम्ही गेलो की आधी विचारतो, तुझं गाव कोणतं, तिथं काय पिकतं, तू काय करायचीस. मग कुणी तेंदूपत्त्याचं सांगते, कुणी मासे धरायचं, कुणी छत्तीसगडीत गाणं म्हणून दाखवते, आणि दुपार कशी संपते कळत नाही. प्रार्थना शेवटीच असते, पण हल्ली कुणी झोपत नाही. 'रेवंता ख्रिस्ती झाली का,' असं मधुकरदादा अजून विचारतात. मी म्हणते, ती रविवारी धान वाळवते, तुम्हीच जाऊन विचारा. ते काही जात नाहीत. मी मात्र दर कार्तिकात जाते, तशी यंदाही निघाले आहे. साक्षीचा तो कागद मी त्याच दिवशी कालव्यात सोडला होता.

त्या रविवारी संध्याकाळी म्हातारी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. एकटीच आली, रेवंताला तिनं पेंढ्या बांधायला लावलं. मी मनात देवाचा धावा करत होते की हिनं काही विचारू नये, कारण आणखी एकदा खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. कालव्याच्या पुलावर ती थांबली.

"तिले परत न्याले आल्या होत्या का?"

"नाही, आजी. ती बरी आहे का, एवढंच बघायला."

"मंग बरं." दुरून गाडीचा आवाज आला. तिनं पदराची गाठ सोडली, धानाच्या चार लोंब्या काढल्या आणि माझ्या हातात दाबल्या. माझ्याकडे न बघता, कालव्याच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "येवढी वर्सं मेनबत्त्या करनाऱ्या बाईचे हात पोरीच्या हातासारखे नरम नसतात... जाऊ द्या. मले काही सांगू नोका. मले जे कळाचं ते सकाळीच कळलं."

मी लोंब्या रुमालात बांधल्या.

"इळा पाह्यला मी तिचा," ती म्हणाली. "अकरा वर्सं, बाई. मले वाटलं, गंजून गेला असंल. तं तेल लावला होता. कोनं लावला?"

"मी."

तिनं माझा हात धरला, तळवा उलटा करून पाहिला, आणि मिटून परत दिला. गाडी येऊन थांबली तशी मी चढले, खिडकीशी बसले, आणि धानाचा वास मला पहिल्यांदा तिथं आला.